आधी वही, मग उपाय: पाळीचं चक्र समजून घेण्याची आणि त्रास कमी करण्याची सविस्तर रीत

पाळीच्या त्रासावर "काय घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी दोन तारखा विचारते. शेवटची पाळी कधी आली? आणि तिच्या आधीची? पहिली तारीख बऱ्याच जणी आठवून सांगतात. दुसरीच्या वेळी मात्र "महिन्याच्या सुरुवातीला असेल" इतकाच अंदाज असतो. एवढ्यावर उपाय सुचवणं म्हणजे नुसतं चाचपडणं.

मी डॉक्टर नाही. पण गेली बरीच वर्षं स्वतःच्या चक्राची वही ठेवतेय, आणि बहिणीपासून भाचीपर्यंत अनेकींना ती ठेवायला शिकवलीय. त्याचं कारण माझी डोकेदुखी. दर काही आठवड्यांनी अर्धं डोकं ठणकायचं, उजेड नको व्हायचा. कुणी पित्त म्हणायचं, कुणी चष्म्याचा नंबर, आणि मी तेवढ्यावर उपचार करत राहिले. वहीत चार महिन्यांची डोकेदुखी तारखांसकट उतरली तेव्हा दिसलं, ती दर वेळी पाळीच्या आदल्या दोन दिवसांत सुरू होत होती. इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हॉर्मोन) झपकन खाली येतं त्या दिवसांत अर्धशिशी बळावते, हे डॉक्टरांनी वहीची दोन पानं पाहून सांगितलं. मग योग्य उपचार सुरू झाले. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: निदान दोन चक्रांची नोंद हातात आल्याशिवाय कुठलाही नवा काढा, गोळी किंवा पूरक सुरू करू नये. तातडीची लक्षणं याला अपवाद, ती पुढे दिली आहेत.

मोजायला सुरुवात कुठून करायची

ज्या दिवशी नीट वाहतं रक्त येतं, तो चक्राचा पहिला दिवस. त्याआधी नुसते तपकिरी डाग लागले असतील तर ते वेगळे लिहायचे, पण पहिला दिवस म्हणून धरायचे नाहीत. पुढच्या पाळीचा पहिला दिवस उजाडण्याच्या आदल्या दिवशी हे चक्र संपतं. अनेक जणी पाळी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचे दिवस मोजतात आणि "माझं चक्र २३ दिवसांचं" असं सांगतात. प्रत्यक्षात ते २८ दिवसांचं असतं.

२८ हा आकडाही फार मनाला लावून घेऊ नका. २०१९ साली सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी २९.३ दिवसांची निघाली आणि बरोबर २८ दिवसांची चक्रं जेमतेम १३ टक्के होती. प्रौढ स्त्रीत २४ ते ३८ दिवसांचं चक्र आणि ८ दिवसांपर्यंतचा रक्तस्राव सर्वसाधारण मानला जातो. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत पहिली काही वर्षं चक्र ४५ दिवसांपर्यंतही लांबतं. पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षंही अशीच मागेपुढे होतात.

आत काय चालतं

पाळी सुरू असतानाच मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून अंडाशयाला निरोप जातो आणि काही बीजपुटिका, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या बारीक पिशव्या, वाढू लागतात. त्यातली एक पुढे निघते. तिच्यातून इस्ट्रोजेन तयार होतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, गर्भाशयमुखाचा स्राव पातळ आणि निसरडा होतो. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की एलएच हे संप्रेरक उसळी घेतं आणि त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडतं.

ते फक्त १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र चांगल्या स्रावात पाच दिवसांपर्यंत जगतात. म्हणून दिवस जाण्याची शक्यता असलेले दिवस सहा: बीज सुटण्याच्या आधीचे पाच आणि बीज सुटतं तो.

बीज सुटल्यावर रिकामी झालेली पुटिका प्रोजेस्टेरॉन तयार करते. त्याने शरीराचं तापमान किंचित चढतं, स्राव घट्ट होतो, काहींचे स्तन जड होतात. गर्भ राहिला नाही तर ही पुटिका विरते, संप्रेरकं खाली येतात आणि अस्तर सुटून पाळी येते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चक्र लांबतं तेव्हा सहसा बीज सुटण्याआधीचा भाग लांबलेला असतो. नंतरचा भाग बऱ्यापैकी ठरलेला, बहुतेकींत १२ ते १४ दिवसांच्या आसपास. परीक्षा, आजारपण, प्रवास, रात्रपाळी, वजनात झपाट्याने झालेला बदल यांनी पाळी "चुकते" तेव्हा खरं तर बीज सुटणं पुढे गेलेलं असतं. त्यामुळे सगळ्यांसाठी "चौदावा दिवस" धरून चालणं चुकीचं. बीज कधी सुटलं याचा हिशेब पुढच्या पाळीपासून मागे येत करावा लागतो. जपानी डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांनी हे १९२४ सालीच मांडलं होतं. तरीही फोनमधली अनेक अॅप आजही मागच्या तारखांच्या सरासरीवरून पुढचा दिवस रंगवून दाखवतात. तारखा साठवायला अॅप चांगलं, पण त्याचा रंगीत दिवस हा अंदाज असतो.

वहीत काय लिहायचं

रोज एक ओळ पुरे. चक्राचा कितवा दिवस, रक्तस्राव किती, दुखणं शून्य ते दहापैकी किती, स्राव कसा, झोप आणि मन कसं, कुठलं औषध घेतलं. रक्तस्रावासाठी "जास्त" असं न लिहिता पॅड किती आणि किती भिजले ते लिहा. मासिक पाळीचा कप वापरत असाल आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा असतील तर आकडाच टिपता येतो. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर तो अतिरक्तस्राव.

स्रावाची नोंद शिकायला सगळ्यात अवघड वाटते आणि सगळ्यात उपयोगी तीच. लघवीला जाल तेव्हा आधी टिश्यू पेपरने पुढून मागे पुसून पाहा. पेपर सरसर घासत गेला तर कोरडं, घसरला तर ओलं. पेपरावर काही आलं असेल तर ते अंगठा आणि तर्जनीमध्ये घ्या आणि बोटं हळूहळू दूर करा. पाळीनंतर काही दिवस बहुधा काहीच मिळत नाही. मग चिकट, गोंदासारखं येतं, बोटं दूर करताच तुटतं. पुढे ते सायीसारखं, पांढरट होतं. आणि एक दिवस पारदर्शक तार निघते, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी, बोटांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणली तरी न तुटणारी. बीज सुटायची वेळ जवळ आल्याची ही खूण. असा निसरडा स्राव दिसला तो शेवटचा दिवस वहीत ठळक करा, दुसऱ्या दिवशीपासून तो एकदम आटतो. माझ्या भाचीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती घाबरून आली होती, "अंगावरून पांढरं जातंय, अशक्तपणा येईल" असं तिने ऐकलं होतं. हा स्राव अशक्तपणा आणत नाही. त्याला घाण वास, हिरवट-करडा रंग, दह्यासारख्या गुठळ्या, खाज किंवा आग असेल तेव्हा मात्र संसर्गाची शंका घ्या आणि तपासून घ्या.

तापमान हवं असेल तर दोन दशांशांपर्यंत दाखवणारा थर्मामीटर आणा. सकाळी जाग आल्याबरोबर, उठून बसण्याआधी, शक्य तितकं एकाच वेळी घ्या. आधी सलग तीन तास तरी झोप झालेली हवी. ताप, जागरण, मद्य यांनी आकडा बिघडतो, अशा दिवशी शेजारी कारण लिहून तो हिशेबातून वगळा. बीज सुटल्यावर तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पाळीपर्यंत वर राहतं. म्हणजे तापमान बीज सुटून गेल्यावर कळवतं, आधी नाही. लघवीतल्या एलएचची पट्टी आधी कळवते, पण पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने बीज वेळेवर न सुटण्याचा विकार) असलेल्यांत ती उगाचच होकार देऊ शकते.

हॉर्मोनल गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर स्राव आणि तापमानाची ही नोंद लागू होत नाही. तेव्हा येणारा रक्तस्राव गोळी थांबवल्यामुळे येतो. रक्तस्राव आणि दुखण्याची नोंद मात्र ठेवाच.

एका चक्राचं पान वाचून पाहू

दिवस १: पॅड ५, दुखणं ७, शेक घेतला. दिवस २: पॅड ५, दुखणं ६. दिवस ३: पॅड ३, दुखणं २. दिवस ४ आणि ५: थोडंसंच. दिवस ६ ते ९: कोरडं. दिवस १० ते १३: चिकट, मग सायीसारखं. दिवस १४ ते १७: पारदर्शक, ताणलं जाणारं. दिवस १८: पुन्हा चिकट, उजव्या बाजूला हलकी टोचणी. तापमान आतापर्यंत ३६.३५ ते ३६.४५ च्या दरम्यान. दिवस १९: ३६.७०. दिवस २० आणि २१: ३६.७५. दिवस २७ पासून चिडचिड, स्तन जड, झोप तुटक. बत्तिसाव्या दिवशी पाळी.

चक्र ३१ दिवसांचं. निसरड्या स्रावाचा शेवटचा दिवस सतरावा. एकोणीस, वीस आणि एकवीस या तीन दिवसांचं तापमान त्याआधीच्या सहा दिवसांपेक्षा वर. म्हणजे बीज सतराव्या-अठराव्या दिवशी सुटलं आणि पुढचा भाग तेरा-चौदा दिवसांचा झाला. हिने चौदावा दिवस धरून मूल होण्यासाठी प्रयत्न केले असते तर सगळ्यात चांगले दिवस, सोळा आणि सतरा, हातचे गेले असते. चिडचिड शेवटच्या पाच दिवसांत आहे आणि दुखणं पहिल्या दोन दिवसांत. उपायही याच दिवसांना धरून करायचे.

याच नोंदीवर गर्भनिरोधासाठी विसंबायचं असेल तर प्रशिक्षित व्यक्तीकडून पूर्ण पद्धत शिकून घ्या. नैसर्गिक पद्धती वापरणाऱ्या १०० पैकी २ ते २३ जणींना पहिल्या वर्षात दिवस जातात. एवढा मोठा फरक पद्धत कोणती आणि ती किती काटेकोर पाळली, यावरून पडतो.

पोटात येणाऱ्या कळा

अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळतं आणि त्याचा रक्तपुरवठा क्षणभर कमी होतो. कळ येते ती त्यामुळे. ही द्रव्यं आतड्यांवरही काम करतात, म्हणून पहिल्या दिवशी अनेकींना जुलाब किंवा मळमळ होते.

घरच्या उपायांत माझा पहिला मान शेकाला. ओटीपोटावर आणि कमरेवर सुमारे ४० अंशांची ऊब, तासन्‌तास टिकणारी, हवी. उकळत्या पाण्याची पिशवी दहा मिनिटं सोसण्यापेक्षा कोमट-गरम पिशवी दिवसभर बदलत राहा. २००१ सालच्या एका चाचणीत अशा सततच्या हलक्या उबेने आयबुप्रोफेनइतकाच आराम दिला होता. पिशवी कापडात गुंडाळा, थेट त्वचेवर ठेवू नका आणि अंगाखाली घेऊन झोपू नका. रोजच्या कडक शेकाने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात.

दुसरा मान व्यायामाला, पण तो पाळीच्या दिवशी सुरू करून लगेच गुण येत नाही. आठवड्यातून तीनदा किंवा अधिक, ४५ ते ६० मिनिटं, चालणं असो, योगासनं असोत किंवा पोहणं, असं महिनोन्‌महिने केलं तर कळा बऱ्याच कमी होतात. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या आढाव्यात हेच दिसलं.

सुंठीवरही चाचण्या झाल्या आहेत, छोट्या आहेत पण दिशा चांगली दाखवतात. दिवसाला ७५० ते २००० मिलिग्रॅम, पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत, दोन-तीन वेळा विभागून. छातीत जळजळ होत असेल तर कमी घ्या. रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि या सगळ्याने भागत नसेल तर वेदनाशामक गोळी घेण्यात कसलाही कमीपणा नाही. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात, म्हणून ही गोळी कळ असह्य होईपर्यंत थांबून घेण्यापेक्षा पाळी सुरू होताच, पोटात काही खाल्ल्यावर घेतली तर जास्त लागू पडते. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, या गोळ्यांनी बळावणारा दमा, किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

पाळीआधीची चिडचिड आणि रडू

हा त्रास बीज सुटल्यानंतरच्या दिवसांत येतो आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरतो. वहीत तो महिनाभर पसरलेला दिसला तर कारण दुसरं असू शकतं, नैराश्य किंवा थायरॉइडसारखं. डॉक्टरही निदानासाठी दोन चक्रांची रोजची नोंद मागतात.

झोपेची वेळ सांभाळणं, मद्य टाळणं, त्या आठवड्यात कामाचा भार जमेल तितका आधीच हलका करणं, एवढ्याने अनेकींना फरक पडतो. कॅल्शियमचा उपयोग १९९८ सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसला, रोज १२०० मिलिग्रॅम, तीन चक्रांपर्यंत. आहारातून मिळणारं कॅल्शियम धरून हिशेब करा. ब-६ जीवनसत्त्व काहींना लागू पडतं, पण स्वतःच्या मनाने मोठे डोस नकोत, दीर्घकाळ घेतले तर हातापायांच्या नसांना इजा होते. दर महिन्याला जगणंच नकोसं वाटण्याइतकं मन खचत असेल तर तो वेगळा, उपचाराने बरा होणारा आजार आहे. त्यासाठी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. जीव देण्याचे विचार येत असतील तर एकटं राहू नका, त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या.

थकवा आणि लोह

खूप रक्त जाणाऱ्या स्त्रीचा थकवा बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचा असतो. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय, पण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणीही करून घ्या. डाळी, हिरव्या पालेभाज्या, मांस, अंडी यांतून लोह मिळतं. सोबत आंबट फळ घेतलं तर ते जास्त शोषलं जातं आणि जेवणाला लागून चहा-कॉफी घेतली तर कमी. लोहाच्या गोळ्या तपासणीनंतरच घ्या आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. पण नुसतं लोह भरत राहू नका, इतकं रक्त का जातंय तेही शोधा.

हे करू नका

योनी आतून धुऊ नका. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्लता (पीएच) ३.८ ते ४.५ च्या दरम्यान राखून संसर्ग रोखतात, धुण्याने त्यांचाच नाश होतो. बाहेरून साधं पाणी पुरेसं. योनीला वाफ देणंही टाळा, त्याने भाजतं. महिन्याच्या अर्ध्या भागात एका जातीच्या बिया आणि उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या खाल्ल्याने संप्रेरकं जुळतात, याला भक्कम पुरावा नाही. बिया खायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबून तपासणी पुढे ढकलू नका.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही" हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करते. चेस्टबेरी ही पाळीच्या त्रासावर विकली जाणारी वनस्पती संप्रेरकांवर काम करते, म्हणून गरोदरपणात किंवा हॉर्मोनल गोळ्यांसोबत घेऊ नये. डब्यावर घटकच लिहिलेले नाहीत, असं चूर्ण घरात आणू नका. एका वेळी एकच नवा उपाय घ्या, तीन चक्रं वहीत नोंदवा, फरक नसेल तर बंद करा. चार गोष्टी एकदम सुरू केल्या तर कशाचा गुण आला आणि कशाने पित्त उठलं, काहीच कळत नाही.

थांबायचं नाही अशा वेळा

सलग दोन तास, दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल, तर लगेच दवाखाना. पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, किंवा खांद्याच्या टोकाला कळ जातेय, तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते, त्यात तास मोलाचे. टॅम्पॉन वापरताना अचानक जोराचा ताप, पुरळ, उलट्या, गरगरणं सुरू झालं तर टॅम्पॉन काढा आणि तातडीने मदत घ्या. एरवीही टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलायचाच.

तातडी नसली तरी भेट घ्यायलाच हवी अशा गोष्टी: अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गुठळ्या, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त, तीन महिने पाळी न येणं (आधी गरोदरपणाची चाचणी करा), पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरू न होणं, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं. आणि दर महिन्याला शाळा, काम बुडवणारं दुखणं. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) हा आजार प्रजननवयातल्या दहापैकी साधारण एकीला असतो आणि "बाईच्या जातीला एवढं दुखायचंच" या समजुतीपायी त्याचं निदान वर्षानुवर्षं रखडतं. गोळीनेही न थांबणारं, शौचाच्या किंवा संबंधाच्या वेळी होणारं दुखणं सहन करू नका.

डॉक्टरांकडे जाताना

तीन चक्रांची पानं सोबत न्या. पहिल्या पानावर पाच ओळी लिहा: चक्र किती दिवसांचं, रक्तस्राव किती दिवस आणि जास्तीत जास्त किती पॅड, दुखणं कोणत्या दिवशी दहापैकी किती, त्यामुळे काय बुडतं, आणि आतापर्यंत घेतलेली सगळी औषधं, काढे आणि पूरकं. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसत असतील तर ते न विचारता सांगा. अशा स्त्रियांना इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सहसा देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. "याचं कारण काय असू शकतं, ते कोणत्या तपासणीने कळेल, आणि ही गोळी किती महिने घ्यायची?" हे तीन प्रश्न त्याच पानावर खाली लिहून ठेवा आणि समोर जागा सोडा, उत्तरं तिथेच बसून लिहिता येतात. "एवढं तर सगळ्यांनाच होतं" असं म्हणून कुणी वही बाजूला सारली, तर तीच वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.